बाकावरची झोप

भरदुपारी आमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर एक माणूस बसल्या बसल्या झोपला होता. आफ्रिकेत ट्रक चालवून नुकताच परतलेला. त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय."

आमच्याकडे झोपलेल्याला उठवणे जिवावर येते. मी कॉलेजातून दमून आले की आई शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा बंद करायला लावायची. त्या मायेवरच मी शिकले. इथे मात्र तशाच मायेआड निद्रारोग वाढत होता.

आफ्रिकेतल्या माशीच्या चाव्यातून शिरणारा या रोगाचा परजीवी त्याच्या रक्तात सापडला होता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातही परजीवीची जनुके निघाली, तर तो मेंदूत शिरला असे समजायचे आणि औषध बदलायचे. जनुके असली तर यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढते; ती बराच वेळ सपाट राहिली. मग ती उचलली आणि चढतच गेली.

मी बाहेर आले, तेव्हा बायको त्याचा खांदा हलवत होती. "अहो, धाकटीचं नाव सांगा बघू."

"पिंकी," तो डोळे न उघडता म्हणाला.

"बघा ताई, सगळं ध्यानात आहे त्यांच्या," ती हसून म्हणाली. "म्हणजे डोक्यापर्यंत नाही ना गेलं?"

मी तिच्या शेजारी बसले.