चाकाला लागलेला खारा चिखल

गढूळ पाण्याचा ग्लास दिसला की ती केस अजून डोळ्यांसमोर येते. मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. आता सेवेत नाही.

पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातला, जिथं विहिरीचं पाणीही खारट, तिथला एक शेतमजूर बेपत्ता होता. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. "जिता असो का नसो, मले सांगा," एवढंच म्हणायची.

मग निनावी फोन आला. तो हरवला त्या संध्याकाळी गावाच्या नाल्याजवळ एक पिकअप उभी होती. चालक त्याच गावचा. त्याला चौकशीला बोलावलं. उत्तरं तयार होती, जरा जास्तच तयार.

"मी डाळ घेऊन कोकणात गेल्तो, म्याडम. तिकडं खाडीत गाडी फसली. आजच आलो. चाकाचा चिखल चाखून पाहा, खारट लागते."

चिखल खरंच खारट होता. पण त्याच्या गावची मातीही खारट. पंचनामा करून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल लवकर येणार नव्हता, म्हणून अमरावतीला भूशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला.

"समुद्राच्या गाळात शिंपल्यांचा चुरा सापडतो, कुजका वास येतो," ती म्हणाली. "मिठामुळे त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लवकर तळाशी बसतात. खारपाणातला क्षार वेगळा, सोड्याचा; त्याने कण सुटे होतात आणि माती पाण्यात तशीच तरंगत राहते. ढवळून बघ."

उरलेलं ढेकूळ मी चालकासमोरच ग्लासभर पाण्यात ढवळलं आणि इकडचं तिकडचं विचारत राहिले. चहा आला, संपला. पाणी तसंच गढूळ. मी ग्लासाकडे बघणं टाळलं.

हवालदार वैतागले. "हे काहून निवळून नाही राहिलं?"

"असं नाही निवळत, भाऊ," चालक सहज बोलून गेला. "तुरटी फिरवा लागते. आमच्या घरी रोज फिरवतात."

मी ग्लास त्याच्यापुढे सरकवला. मग मी विचारलं, "कोकणातल्या गाळालाही तुमच्या घरची तुरटी लागते?"

त्याने खरं सांगून टाकलं. दिवस मावळायच्या आत पंचांसमक्ष नाल्याची जागा दाखवली. गाडी मागे घेताना मजुराला धडक बसली होती. घाबरून त्याने प्रेत काठाशी पुरलं होतं. पुढे अहवालही आला. चिखलात शिंपल्याचा कणही नव्हता.

मजुराच्या बायकोला मीच सांगितलं. ती रडली नाही.

"तुमच्याकडं येच्या आधी तो गाडीवाला माह्या घरी आल्ता," ती म्हणाली. "सापडला का म्हणून विचारत होता. पाणीही पिऊन गेला."

खोटं बोलणारा घाबरलेला दिसतो, असं प्रशिक्षणात शिकले होते. त्या दिवसापासून विचारपूस करायला येणाऱ्यांकडे मी जास्त वेळ बघते. नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही.