आज आण्णांना "जावई बोलतोय" म्हणता आलं न्हाई

मित्रांनो, दुपारपासून कामात लक्ष न्हाई, म्हणून लिहितोय.

मी गुजरातला, मोरबीत टाईल्सच्या कारखान्यात हाय. वडील, म्हणजे आण्णा, गावाकडं सोनईला. शेतातली मोटर चालू ठेवून सारखं विसरायला लागले, म्हणून ताईनं नगरला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. आज रिपोर्ट आला. कॉम्प्युटरनं फोटो तपासून दाखवलं, आठवणीचा भाग वयाच्या मानानं जास्त आकसलाय. डॉक्टर म्हणले, अल्झायमरची सुरुवात वाटतीय, लवकर कळलं हे बरं. ताईनं आण्णांना अजून सांगितलेलं न्हाई.

मी लगेच आण्णांना फोन लावला.

"कोन पावनं बोलतंय?"

ही त्यांची जुनी चेष्टा. मी वर्षातून एकदा पावन्यासारखा जातो ना! दरवेळी मी म्हणतो, "तुमचा जावई," अन् ते खदखदून हसतात.

आज जीभच उचलंना. त्यांना खरंच वाटलं तर?

"आण्णा, मी सचिन. तुमचा पोरगा."

ते हळूच म्हणले, "वळखलं की रं. रिपोर्टात काय आलंय?"

"काय न्हाई," म्हणून मी फोन ठेवला.

उद्या परत "कोन पावनं?" विचारतील. जावई म्हणू, का नाव सांगू? तुम्ही काय केलं असतं?