आयर्लंडला नेलेला कुकर

ललिता खंडारेला कशाचीही किळस येत नाही, असा तिचा ओमानमधल्या सोहारमध्ये लौकिक होता. ती एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसाला साठ-सत्तर माणसांचं रक्त, लघवी, थुंकी तिच्या हाताखालून जायची, आणि दुपारी एक वाजता साबणानं हात धुऊन ती शेजारच्या खोलीत भाकरी-ठेचा खायला बसायची. माहेर अकोल्याचं, वडील एसटीच्या वर्कशॉपात. "माणसाच्या अंगातून निघालं ते माणसाचंच, त्याला काय नाक मुरडायचं?" असं ती नव्या नर्सांना सांगायची. अशा बाईला आयर्लंडसारख्या देखण्या देशात उलटी झाली. ती का झाली हे सांगायचं तर सहलीपासूनच सांगायला हवं.

२०१६ची ईद जुलैच्या सुरुवातीला आली. सोहारमध्ये तेव्हा दरवाज्याची कडीसुद्धा फडक्यानं धरावी लागते. दोन्ही घरची मुलं सुट्टीत भारतात, आजी-आजोबांकडे. रुपेशनं सुपाएवढा नकाशा टेबलावर पसरला आणि जाहीर केलं, "यल्ला, चला आयर्लंडला! पाऊस, मेंढ्या, हिरवळ. आठ दिवस."

रुपेश औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रोजेक्ट मॅनेजर. ललिताचा नवरा सतीश त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. दोघं अमरावतीच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेले. रुपेशनं शब्द टाकला म्हणून सतीशला इथली नोकरी मिळाली, हे सतीश स्वतःच वर्षातून दोनदा सगळ्यांना ऐकवायचा. रुपेशची बायको दीप्ती. आणि पाचवी वैशाली, त्यांच्याच इमारतीत एकटी राहणारी, भारतीय शाळेत शिकवणारी. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो, अशी वैशालीची एकूण रीत.

दीप्ती दुष्ट होती म्हणावं, तर तसंही नाही. ललिताचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन दिवस उशाशी बसली होती, वेणी घालून दिली होती. ललिताला सख्खी बहीण नव्हती, आणि अकरा वर्षांत ती जागा दीप्तीनं घेतली होती. म्हणूनच पुढचं सगळं इतकं घाण वाटलं.

डब्लिनचे दोन दिवस नुसते किरकोळ किळसवाणे होते. हॉटेलच्या नाश्त्याला रुपेशनं उकडलेली अंडी, लोण्याच्या वड्या आणि साखरेच्या पुड्या कागदी रुमालात गुंडाळून दीप्तीच्या पर्समध्ये कोंबल्या. "भाड्यात धरलेलं असतं सगळं," तो म्हणाला. महिना लाखांनी कमावणारा माणूस. दिसेल त्या पुतळ्याशेजारी उभा राहून तो फोटो काढी, पुतळा कुणाचा हे विचारण्याची फिकीर कुणालाच नव्हती. गॉल्वेला एका म्हाताऱ्या बाईच्या लोकरीच्या दुकानात त्यानं, सोहारच्या सूकमध्ये, तिथल्या बाजारात करावी तशी, घासाघीस केली. पाऊण तास दहा स्वेटर उलगडले, "लास्ट प्राइस?" चारदा विचारलं आणि हात हलवत बाहेर आला. ती बाई निमूटपणे एकेक स्वेटर घडी करत होती. ललिता तिला घड्या घालू लागली, तेव्हा बाहेरून हॉर्न वाजत होता.

भाड्याच्या गाडीत ओले मोजे, केळ्यांची सालं आणि चिवडा असा एक संयुक्त वास बसला होता. समुद्रावरच्या उंच कड्यांवर पोचले तेव्हा ललिताचे डोळे भरून आले. खाली लाटा फुटत होत्या, वर पक्षी थव्यानं फिरत होते. रुपेशनं चिवड्याची पिशवी कड्यावरून खाली भिरकावली. वाऱ्यानं ती परत आणून त्याच्याच तोंडावर मारली. सहलीतला तेवढा एक प्रसंग ललिताला मनापासून आवडला.

मग किलार्नीजवळ शेतातलं एक घर चार दिवसांसाठी घेतलं. चहूकडे मेंढ्या, दगडी कुंपणं आणि स्वयंपाकघराला भलीमोठी खिडकी. दीप्तीनं सोहारहून टॉवेलात गुंडाळून कुकर आणला होता, तीन लिटरचा, नवाकोरा. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"ललिता, तू नुसती बस गं. वर्षभर लॅबमध्ये उभी असतेस."

ललिताला भरून आलं. असं म्हणणारं माणूस परदेशात मिळायला भाग्य लागतं, असं तिला वाटलं. काय पण भाग्य.

दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावरून चिंब भिजून परतले. दीप्ती गरम पाण्यानं आंघोळीला गेली. बाकीचे शेकोटीपाशी कुडकुडत बसले. ललितानं विचार केला, बिचारी एकटीच करते, आज आपण करू. तिनं कुकर काढला, तूरडाळीची खिचडी लावली, वर लसणाची चरचरीत फोडणी घातली. घरभर वास सुटला. सतीश ताट घेऊन आधीच येऊन बसला.

दीप्ती केस पुसत आली. कुकरकडे पाहिलं, मग ललिताकडे. "अगं, कशाला त्रास घेतलास?" ती म्हणाली. "माझा तर आज गुरुवार." सकाळी दोन ऑम्लेट खाल्लेल्या बाईचा उपवास. रुपेशला एकाएकी ॲसिडिटी झाली. वैशाली म्हणाली, तिनं ब्रेड खाल्लाय. सतीशनं तीनदा घेतली, ओ होईस्तोवर जेवला आणि उरलेली तिथेच राहिली.

सकाळी चहाचा चोथा टाकायला ललिता मागच्या दारी गेली. तिथे कचऱ्याचे दोन डबे होते. खरकट्याच्या डब्यात खिचडी पडली होती. असो, उरलेली कुणीतरी टाकली असेल. दुसऱ्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, ते बसवायला तिनं उचललं. आत कुकर होता. शिट्टीसकट, झाकणासकट, नवाकोरा कुकर, वर्तमानपत्रात गुंडाळून खाली दाबलेला.

 ललितानं तो बाहेर काढला, आणि नमुना तपासावा तसा तपासला. तळ चांगला. झाकण चांगलं. गॅस्केट कोरं करकरीत. तिनं तो घासला, वाटीभर तांदूळ टाकून शेगडीवर चढवला. एक, दोन, तीन. तिन्ही शिट्ट्या खणखणीत झाल्या.

आवाजानं दीप्ती आली आणि दारातच थबकली.

"हा इकडे कसा? अगं, गॅस्केट लूज झालं होतं काल. स्फोट-बिट झाला असता, म्हणून टाकला."

"आता नीट आहे," ललिता म्हणाली. "घे."

दीप्तीनं हात पुढे केला नाही. "राहू दे. तुलाच राहू दे तो. मी सोहारला नवीन घेईन."

आता ललिता खंडारे काही दूधखुळी नव्हती. तिच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती, आणि अकरा वर्षं दीप्ती त्या तसबिरीखालच्या सोफ्यावर येऊन बसत होती. बसून म्हणायची, "चहा नको गं, आत्ताच झाला." कधी डाएट, कधी संकष्टी, कधी पोट जड. ललिताला ती सगळी दुपारं एकदम आठवली. ही बाई तिच्या घरी पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलंच प्यायची. जात म्हणून जी गोष्ट अकोल्याच्या गल्लीत राहिली असं तिनं धरलं होतं, ती विमानाचं तिकीट काढून, टॉवेलात गुंडाळून इथवर आली होती.

तिनं सतीशला खिडकीशी गाठलं आणि सगळं सांगितलं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानंही हे बघावं. रुपेशशी भांडू नये, सहल मोडू नये, नुसतं "हो, दिसलं मला" एवढं म्हणावं. नवरा एवढं म्हणाला असता तर बाकीची घाण तिनं गिळली असती.

सतीश बाहेरच्या मेंढ्यांकडे बघत राहिला. "गॅस्केटचं असेल काहीतरी."

"अहो, तिन्ही शिट्ट्या तुम्हीही ऐकल्यात."

"तू फार विचार करतेस ललिता. सुट्टीवर आलोय आपण."

दुपारी घरातल्या बोळात वैशालीनं तिला गाठलं आणि हळूच म्हणाली, "मी खाल्ली हं थोडी, काल सगळे झोपल्यावर. काय सुंदर झाली होती. पण दीप्तीला बोलू नकोस." ललिताला त्या क्षणी दीप्ती परवडली. निदान ती बाई स्वतःच्या घाणीशी प्रामाणिक होती.

त्यानंतर घरात कुणी स्वयंपाक केला नाही. तीन दिवस बाहेरच. एका टपरीवर कागदात बांधून दिलेला तळलेला मासा आणि बटाटे पाचही जणांनी आपापल्या कागदातून बोटांनी खाल्ले, कुणी तळले हे न विचारता. परक्या बल्लवाचा घाम चालत होता.

शेवटच्या दिवशी ब्लार्नीचा किल्ला. तिथे वर, बुरुजाच्या कडेला एक दगड आहे. पाठीवर झोपायचं, डोकं मागे खाली सोडायचं आणि त्या दगडाचं चुंबन घ्यायचं. मग म्हणे वाणीला धार येते. चिंचोळ्या जिन्यात दीड तास रांग. ओल्या रेनकोटांचा कुबट वास. पुढे एक आजोबा होते, दर पायरीला खोकत होते. त्यांच्यापुढे एक लालबुंद नाकाची पोरगी बाहीनं नाक पुसत होती. पोरीनं चुंबन घेतलं. आजोबांनी घेतलं, तेही चांगलं दमदार. मग दीप्तीनं गळ्यातली शाल ललिताच्या हातात दिली, पाठीवर झोपली, आणि त्या काळ्या, ओलसर, लाखो ओठांनी गुळगुळीत केलेल्या दगडाला तोंड लावलं. दोनदा. पहिला फोटो हलला होता.

रुपेशनं शिट्टी वाजवली. वैशालीनं टाळ्या वाजवल्या. सतीशनंसुद्धा वाजवल्या.

ललिता शाल घेऊन खाली उतरली आणि झुडपामागे भडाभडा ओकली. दीप्ती धावत आली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "बाहेरचं खाणं बाधलं गं तुला," ती कळवळून म्हणाली. तो कळवळा खरा होता, आणि त्यामुळेच ललिताला दुसरी उलटी झाली.

सोहारला परतल्यावर पुढच्याच शुक्रवारी रुपेशकडे फोटो बघायचं जेवण ठरलं. कारखान्यातली सगळी मराठी मंडळी बोलावली होती. ग्रुपवर दीप्तीची यादी आली, कुणी काय आणायचं त्याची. कुणाकडे मसालेभात, कुणाकडे कोथिंबीरवडी. ललिता: कलिंगड आणि ज्यूस. अशा याद्या अकरा वर्षं येत होत्या. आपण नोकरी करतो म्हणून आपल्याला सोपं काम देतात, असं समजून ललिता दर वेळी सूकमध्ये जाऊन थापट्या मारून मारून कलिंगडं निवडायची.

"मी लिहिते की मी सकाळचं मटण आणतेय," शुक्रवारी निघायच्या वेळी ती सतीशला म्हणाली. "बघू कोण कोण खातं ते. तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

सतीश शर्टाची बटणं लावत होता. "नको."

"का नको?"

"नको म्हणतोय ना."

"का, ते सांगा."

तो खुर्चीत बसला. त्यानं बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. मग खाली बघतच बोलला. "आपण नवीन आलो त्या वर्षी होळीला तू पुरणपोळ्या केल्या होत्यास. बावीस. तुला ताप होता म्हणून मी एकटाच गेलो होतो त्यांच्याकडे डबा घेऊन."

"सगळ्या संपल्या म्हणाला होतात. दीप्तीनं कृती विचारली म्हणालात."

"एकही नाही संपली. कुणी डब्याचं झाकण उघडलं नाही. मला होस्टेलपासून माहीत आहे ते, रुपेश माझ्या ताटाला ताट लावून कधी बसला नाही. तुला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मीच दीप्तीला सांगितलं, आमच्याकडे फळं देत जा. फळाचं काही नसतं."

 म्हणजे यादी दीप्तीची नव्हती. अकरा वर्षं ती यादी या माणसानं लिहिली होती, आणि रात्री हिच्याच हातची भाकरी खाऊन हिच्याच शेजारी झोपला होता. दीप्तीची किळस आली होती तेव्हा पोटातलं बाहेर पडून मोकळं तरी झालं होतं. ही बाहेर पडेना.

"पोळ्यांचं काय केलंत?" तिनं विचारलं.

"येताना वाटेत लेबर कॅम्प लागतो ना. गेटवर बांगलादेशी माणसं बसली होती. त्यांना दिल्या."

"आवडल्या का त्यांना?"

सतीशनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात केली. "मी बघायला थांबलो नाही," तो म्हणाला. "चल, उशीर होतोय. नाही गेलो तर बरं दिसणार नाही."

ललितानं ओट्यावरचं कलिंगड उचललं, त्याच्या दोन्ही हातांत दिलं, आणि त्याचे हात गुंतले होते म्हणून, स्वतः आतच थांबून, दार तिनंच उघडून धरलं.