माझ्यापुरतं गाळलेलं पाणी

लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या त्या गावात गेले, तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माहेर सोलापुरात, गिरणीच्या चाळीत, नळाचं पाणी. सासरी पायऱ्यांची विहीर. ती सासऱ्यांच्या आज्ज्यानं खणलेली, म्हणून घरात तिचा तोरा केवढा!

त्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या घोट्याला नारू झाला होता. फोड फुटून दोऱ्यासारखा लांब पांढरा जंत बाहेर आलेला. आग व्हायची म्हणून ते रोज खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायचे. गावात सगळे तेच करायचे. त्यांच्या पायाशेजारीच मी घागर बुडवायची. सासऱ्यांना 'सरका' म्हणायची नव्या सुनेची काय टाप!

मग आरोग्य खात्याचा एक माणूस आला. त्यानं विहिरीचं पाणी बाटलीत भरून उन्हाला धरलं. आत पांढुरके ठिपके टुणटुण उडत होते. म्हणाला, "नारू पाण्यात पिल्लं सोडतो, ती हे किडे गिळतात आणि हे किडे तुम्ही पिता. वर्षानं नारू तुमच्या पायातून निघतो. विहिरीत पाय घालू नका, दुहेरी फडक्यानं पाणी गाळा." मी हातातली घागर खाली ठेवली. बाकीचे हसले. त्यानं वाटलेलं फडकं सासूबाईंनी चक्का टांगायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या लुगड्याचं फडकं रांजणाच्या तोंडाला बांधलं. सासूबाईंनी ते ओढून काढलं. आमच्यात पहिली घागर देवाची, त्याच पाण्यानं पिंडीला अंघोळ.

"देवाला चालतंय आन तुला चालत न्हाय व्हय? लई शानी! गल्ली म्हनंल, ह्यांच्या हिरीत किडं हायत."

मी फडकं घडी घालून ठेवलं. पण त्या दिवसापासून चुलीमागे माझ्यापुरता एक तांब्या गाळून ठेवायला लागले. नवऱ्याला सांगितलं नाही. नणंद सतरा वर्षांची, माझ्याच अंथरुणाशेजारी झोपायची, सारखी वैनी, वैनी करायची. तिलाही नाही सांगितलं. पोरीच्या तोंडून निसटलं तर सासूबाई मला माहेरी धाडतील, ही भीती. आता वाटतं, धाडलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

वर्ष उलटलं आणि घरात दोघांना नारू निघाला. नवऱ्याचा घोट्याला, तो नीट निघाला. नणंदेचा गुडघ्याशी. नारू काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढायचा असतो, ओढायचा नसतो. हे सासूबाईंना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण सांगोल्याचे पाहुणे मुलगी बघायला यायचे होते. पोरगी लंगडताना दिसू नये म्हणून सासूबाईंनी काडीला हिसका दिला. नारू आत तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला, पू झाला, आणि सूज उतरल्यावर पाय सरळ व्हायचा तो झालाच नाही. पाहुणे चहा न घेताच उठले. पुढे कुणी आलंच नाही.

त्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला एकदा विचारलं, "समद्यांस्नी हुतंय, तुलाच कसं न्हाय गं?"

"माहेरचं पाणी असेल अंगात," मी म्हणाले. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही. सासूबाईंचा मला राग होता, अजून आहे. पण त्यांना काहीच कळत नव्हतं आणि मला सगळं कळत होतं, हे मी कुठं लपवू?

सासूबाई गेल्यावर एका दुपारी मी नणंदेला सगळं सांगून टाकलं. ती आखडलेला पाय लांब करून ज्वारी निवडत होती. रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. तिनं खडा बाजूला टाकला आणि वरही न बघता म्हणाली,

"मला बी येक तांब्या द्यायचा हुता की, वैनी. मी कुनाला सांगितलं नसतं."