मांजरांची हद्द

माझे सासरे निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या मोजल्या आणि एक फळी पाव इंच उतरती असल्याचं जाहीर केलं. चाळीस वर्षं जमिनींची मोजणी केलेला माणूस. कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती बोटं घुसली आहे, हे सांगून त्यांनी कित्येक सख्ख्या भावांचं आपसातलं बोलणं बंद पाडलं होतं. असा कर्तबगार माणूस आता दिवसभर माझ्या ओट्याशी उभा. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, परसात पाखरांना दाणे घालत जा ना."

त्यांनी ते अंगावर घेतलं. लिंबाच्या झाडाजवळ विटांचा फूटभर उंच चौथरा बांधला, पाणसळ लावून, चारही कोपरे काटकोनात. वाकड्या जमिनीवर दाणे टिपताना चिमण्यांची आजवर केवढी गैरसोय होत होती, ते तेव्हा कुठे आम्हाला कळलं. चिमण्या आल्या. लिंबात बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. आणि कुंपणाच्या भिंतीवर पाच मांजरं ओळीने येऊन बसली.

मांजरं मागच्या घरातल्या मशीनवाल्या मावशींची. म्हणजे कुणाचीच नव्हेत. पण मावशी रोज सकाळी शिलाई मशीनवर बसण्याआधी त्यांना मागच्या पायरीवर दूधपाव आणि मासळीचे तुकडे घालायच्या. ती खायची, मिशा पुसायची आणि आमच्या भिंतीवर येऊन पाखरांकडे बघत पेंगायची.

बाबांना ते बघणंही अतिक्रमण वाटलं. त्यांनी परसात चुन्याच्या फक्कीने सरळ रेघ मारली. अलीकडे पाखरं, पलीकडे मांजरं. मांजरांनी रेघेचा मान राखला. सगळ्यात जाडी होती ती तर उन्हात येऊन बरोबर रेघेवरच झोपली.

मग बाबा मावशींच्या दारात गेले. मी मागोमाग गेले, कारण बाबा एकटे गेले की भांडण विकतच घेतात.

"तुम्ही खायला घालता म्हणून ती इथं जमतात," बाबा म्हणाले. "हे बंद करा."

मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक काढून डबीत टाकल्या. "बंद करू? बघा हं."

"बघायचं काय त्यात?"

"बरं तर. उद्यापासून नाही घालत."

बाबा विजयी मुद्रेने परतले. तीन दिवस मांजरं मावशींच्या रिकाम्या पायरीवर ओरडली. चौथ्या दिवशी सकाळी चौथऱ्यावर पिसं होती. बाजूला बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. आदल्याच दिवशी ते घरट्यातून निघून पहिल्यांदा फांदीवर बसलं होतं आणि बाबांनी आम्हा सगळ्यांना हाका मारून ते दाखवलं होतं. बाबांनी ते ओंजळीत घेतलं आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. वर त्याची आई ओरडत होती. दुपारी ते जेवले नाहीत.

संध्याकाळी मात्र त्यांनी तक्रार अर्ज लिहायला घेतला. मांजरांविरुद्ध. कुणाकडे द्यायचा, ते ठरायचं होतं.

मला राहवलं नाही. "बाबा, एकदा चौथराही मोजा ना."

ते रागाने उठले आणि टेप घेऊन परसात गेले. चौथऱ्याची उंची एक फूट. मांजराला दडायला झुडूप दोन फुटांवर. एका झेपेचं अंतर. त्यांनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. इतकं सोयीचं जेवणाचं पान मांजरांना कुणीच मांडून दिलं नसतं. बाबांनी टेप गुंडाळली आणि अर्ज फाडला.

दुसऱ्या दिवशी ते एक सदरा घेऊन मावशींकडे गेले. "कॉलर उलटवून हवी होती."

मावशींनी कॉलर बघितली. "कॉलर धड आहे. तुमचं काय बिघडलंय ते सांगा."

बाबांनी पिल्लाचं सांगितलं. 

"पोट भरलेलं असलं की ती नुसती बघत बसतात," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तरी चुकून एखादं पाखरू मारतातच, नाही असं नाही. पण मीही हट्टाला पेटले. सांगायला हवं होतं तुम्हाला." मग त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "आता असं करा, पाचही जणांना ऑपरेशनला न्यायचंय. नाहीतर वर्षभरात पंधरा होतील. मला एकटीला झेपत नाही. टोपली तुम्ही धरा."

पाच फेऱ्या झाल्या. बाबांच्या हातांवर ओरखड्यांचा नकाशा उमटला. जनावरांच्या दवाखान्यात नोंदवहीवाल्याने मालकाचं नाव विचारलं. "मालक नाही," बाबा म्हणाले. मालकाशिवाय नोंद होत नाही, तो म्हणाला. पाचही मांजरं आता आमच्या आडनावाने नोंदलेली आहेत. माझ्या नवऱ्याला एवढी भावंडं एकदम कधी मिळाली नव्हती.

चौथरा बाबांनी स्वतः फोडला. आता मोकळ्या जागेत खांबावर उंच ताटली आहे आणि खांबाला खालून पत्र्याची घसरडी टोपी. चिमण्या महिन्याभराने परतल्या. बुलबुल नाही आले. लिंबातलं रिकामं घरटं काढू का, असं मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, "राहू दे."

परवा भिंतीवर एक नवी मांजरी दिसली, हडकुळी, कान फाटलेला. बाबांनी तिला हाकललं नाही. टोपली काढली, पायात चपला सरकवल्या आणि मावशींच्या दारातून हाक मारली, "अहो, चला. आणखी एक आलीय."

"कॉलर शिवतेय," आतून आवाज आला. "पाच मिनिटं थांबा."

बाबा थांबले.