नीट बंद न होणारा डबा

रोज संध्याकाळी टीव्हीवर तीच पांढरी ओळ: मागच्या वेळी यंत्र नीट बंद केलेलं नाही, डिस्क तपासून घ्या. माझं डोकंच फिरायचं. आदल्या संध्याकाळी मेनूत जाऊन, पडदा काळा होईपर्यंत थांबून मीच तर बंद केलेलं असायचं!

जुने व्हिडिओ गेम चालवणारा, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या बोर्डाचा हा कॉम्प्युटर मी आबांसाठी जुळवला होता. आबा म्हणजे माझे वडील. अमळनेरला जन्मभर पिठाची गिरणी चालवली आणि लकव्याने उजवा हात गेल्यावर धुळ्याला माझ्याकडे आले. बोटं आताच हलवली नाहीत तर कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. व्यायामाच्या चेंडूला आबा शिवेनात. म्हटलं, गेमच्या रिमोटला दोन्ही अंगठे लागतात, बघू. त्यांनी तो ढकलूनच दिला.

"मी काय आते धाकला पोऱ्या शे का?"

मग मीच त्यांच्यासमोर खेळायचे, त्यांना चेव यावा म्हणून मुद्दाम हरायचे. आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवस चालले होते, बोटं तशीच, आणि वर हा इशारा. आबांवरचा राग मी डब्यावर काढू लागले. डिस्कची तपासणी चालवली, चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा हजर. मेमरी कार्ड बदललं. अडॅप्टर बदलला. सगळं पुसून नव्याने टाकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

परवा ऑफिसातून लवकर सुटले. दारापाशी आले तर आतून गेमचं संगीत. लॅचमध्ये किल्ली फिरवली आणि आवाज खटकन तुटला. आत आबा छताकडे बघत पडलेले, रिमोटची वायर गोधडीतून बाहेर आलेली. गिरणीत दळण संपलं की आबा मेनचा दांडा खाली ओढायचे. यंत्र बंद करायचं म्हणजे वीज तोडायची, एवढंच त्यांना ठाऊक.

"आज लवकर कशी उनी व?"

"काम आटोपलं, आबा."

मी टीव्ही लावला. तीच ओळ आली आणि मला रडूच आलं. पण लगेच मनात किडा वळवळला: सगळं डाव्याच हाताने चाललं असेल तर? दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागेना.

घरी आले तेव्हा दाराबाहेर किल्ल्या मुद्दाम जोरात वाजवल्या आणि दाराला कान लावला. टीव्ही आणि डबा ज्यावर चालतात ते भिंतीवरचं विजेचं बटण खाटेच्या उजव्या अंगाला आहे. डाव्या हाताने गाठायचं तर आबांना अख्खं अंग वळवावं लागतं आणि ती जुनी खाट बोंब मारते.

खाट करकरली नाही. नुसतं टक् झालं.