अंजनीचा टेम्पो आणि लोकांचे मुहूर्त

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुणाला घर बदलायचं असलं की बहुतेक वेळा अंजनीला फोन जातो. ती बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहते. चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, चालणं भराभर. नवरा सदू टेम्पो चालवतो आणि बाकीचं सगळं ती बघते. गिऱ्हाईकाशी बोलायचं, काचेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळायची, हमालांवर ओरडायचं. फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “मुहूर्त कधीचा काढलाय?”

आधी ती असं विचारत नसे. लग्न होऊन आली तेव्हा सदू घरच्या मळ्यातली भेंडी आणि काकडी टेम्पोत घालून उल्हासनगरच्या बाजारात न्यायचा. पुढे मळ्याच्या जागी बिल्डिंगी आल्या. भाजी संपली, आणि त्याच टेम्पोतून लोकांची कपाटं, पलंग नव्या बिल्डिंगींत जायला लागले.

सुरुवातीलाच एकदा फजिती झाली. बदलापूर पूर्वेला, कात्रपमधल्या एका नव्या फ्लॅटमध्ये सामान पोचवायचं होतं. सदूने नेहमीसारखं हाताला येईल तसं भरलं. देव, कलश, दुधाचं पातेलं, सगळं कपाटांच्या मागे दडपलं गेलं. पोचल्यावर कपाट जिन्यात अडकलं आणि मुहूर्त निघून गेला. घरची बाई रिकाम्या हाताने उंबऱ्याबाहेर उभी राहून रडायला लागली. कुणाला शिव्या दिल्या नाहीत तिने, नुसती रडत होती. अंजनीला तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर ती सदूला म्हणाली, “यापुढे देव आणि दूध माझ्या मांडीवर. पुढच्या शीटवर. कपाट पोचो नाय तर जळो, बाईने येळेवर उंबरा ओलांडला पायजे.”

त्या दिवसापासून तिने धंद्याची घडीच बदलली. भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका टांगली आणि शेजारच्या भगवंत गुरुजींकडून ती वाचायला शिकली. राहुकाळ कधी, पंचक कधी, हे तिला हळूहळू कळायला लागलं. पितृपक्षात फोन येत नाहीत, तेव्हा टेम्पो गॅरेजला द्यायचा. अक्षय्य तृतीयेला मात्र भाड्याने आणखी टेम्पो लावायचे. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या सिंधी शेठाण्यांना अमावस्येनंतर चंद्र दिसतो तो दिवस हवा असतो, हेही तिने लक्षात ठेवलं. कुणी हसून विचारलं, “ताई, तुमचा विश्वास आहे का यावर?” तर ती म्हणते, “माझा हाय का नाय ते ऱ्हाऊ द्या. घर तुमचं हाय ना? मग येळ पण तुमचीच.”

दोन वर्षांपूर्वी वैशाखात मात्र एक अशी गाठ पडली की तिलाही ती पटकन सुटेना.

अंबरनाथ पूर्वेला शरदचंद्र आणि मीनल हे जोडपं राहत होतं. शरदचंद्र कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जुना फ्लॅट विकला होता आणि कात्रपला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलं होतं, कारण मीनलकाकूंचे गुडघे जिने चढू देत नव्हते. जुना फ्लॅट घेतला होता उन्मेष आणि राजसी या नवरा-बायकोने. त्यांनाही अंजनीच सामान आणून देणार होती. उन्मेषच्या आईने गुरुजींकडून गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून आणला होता, सोमवारी सकाळी अकराच्या आत. त्यानंतर महिनाभर त्यांना दुसरा जमणारा दिवस नव्हता.

सगळं ठरलं, आणि शुक्रवारी शरदचंद्रांनी पंचांग उघडलं.

“सोमवारी आम्हाला निघता येणार नाही,” ते अंजनीला म्हणाले. “सोमवारी पूर्वेला दिशाशूल असतो. त्या दिवशी त्या दिशेला घर हलवायचं नसतं. मंगळवारी निघू.”

सदू दारातच उभा होता. “साहेब, बदलापूर ईस्ट म्हंजे स्टेशनच्या ईस्टला. तसे तर आपण आत्ता पण ईस्टलाच हाय ना? अंबरनाथ ईस्ट.”

“पूर्व धरा नाहीतर आग्नेय धरा,” शरदचंद्र शांतपणे म्हणाले, “सोमवारी दोन्ही वर्ज्य.”

मीनलकाकू म्हणाल्या, “अहो, दूध पिऊन निघावं सोमवारी. चालतं तसं.”

“ते एका दिवसाच्या कामाला. आख्खा संसार न्यायचाय आपल्याला.”

अंजनी काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. काकूंनी हळूच सांगितलं, “त्यांचा पाय निघत नाहीये गं. मुलगी याच घरात वाढली, इथूनच सासरी गेली. महिनाभर रोज काहीतरी कारण काढतायत.”

अंजनीला तिची आई आठवली. आईला माहेरी जायचं असलं आणि दिवस वाईट असला, तर आदल्या दिवशीच एक गाठोडं शेजारणीकडे नेऊन ठेवायची. विचारलं की म्हणायची, “मी कालच निघालेय.” अंजनी बाहेर आली आणि तिने ते तसंच शरदचंद्रांना सांगितलं. “त्याला काय म्हणतात, म्हायत नाय मला. पण असं करायची ती.”

शरदचंद्रांनी चष्मा काढला. “प्रस्थान ठेवणं म्हणतात त्याला. माझे आजोबा काशीला निघाले तेव्हा ठेवलं होतं. विसरूनच गेलो होतो मी.” मग पुन्हा पंचांग चाळून म्हणाले, “रविवारी पूर्वेला अडचण नाही. पण ठेवणार कुणाकडे? नव्या घरी तर गृहप्रवेशाआधी जाता येणार नाही, आणि कात्रपला आमच्या ओळखीचं कुणी नाही.”

“माझी नणंद हाय ना, सखू. तिचं देवघर हाय चांगलं. मी नेते तुम्हाला.”

रविवारी राहुकाळ संपल्यावर सदूने टेम्पो दारात आणला. शरदचंद्रांनी उपरण्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलं, सोबत आपली रोजची छत्री घेतली आणि पुढच्या सीटवर बसले. सखूने पाट मांडून ठेवला होता. त्यांनी देवापुढे गाठोडं ठेवलं, छत्री भिंतीला टेकवली, हात जोडले. सखूने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे केलं तेव्हा आधी नको म्हणाले, मग दोनदा मागून घेतलं. बाहेर पडून नव्या इमारतीकडे बघत उभे राहिले. “आता मी निम्मा इकडेच आहे,” ते अंजनीला म्हणाले.

सोमवारी सकाळी अंजनी पोचली तेव्हा ते कपडे घालून तयार होते. काम मात्र घाईचंच होतं. उन्मेषचं सामान खाली येऊन थांबलं होतं आणि शरदचंद्रांचा जडशीळ सोफा अजून हॉलमध्येच. हमाल सोफ्याला हात घालणार तेवढ्यात अंजनी ओरडली, “सोफा ऱ्हाऊ दे! आधी किचन खाली करा, मग दार मोकळं करा. त्यांना चूल पायजे, हॉल नको!”

स्वयंपाकघर रिकामं झालं, तिने ओटा स्वतः पुसला. शरदचंद्र उजवा पाय बाहेर टाकून निघाले आणि किल्ली उन्मेषच्या हातात दिली. मीनलकाकूंनी राजसीला उंबऱ्यावर हळदकुंकू लावलं. राजसी वाकून पाया पडली, कलश घेऊन आत आली आणि पातेलं चढवलं. दूध उतू गेलं तेव्हा अकराला थोडा वेळ बाकी होता. हॉलमध्ये परक्यांचा सोफा तसाच होता, त्यावरच बसून उन्मेषच्या आईने प्रसाद खाल्ला.

टेम्पोत बसल्यावर शरदचंद्र म्हणाले, “अंजनीबाई, आधी सखूबाईंकडे घ्या. माझी छत्री आहे तिथे.”

ही गोष्ट हा हा म्हणता पसरली. सखूच्या देवघरात वर्षभरात किती जणांची गाठोडी येऊन गेली! काही लोक म्हणतात, अंजनीने धंद्यासाठी जुनंच काहीतरी उकरून काढलं. तिला त्याचं वाईट वाटत नाही. “उकरलं तर उकरलं. माणसं रडत नायत ना आता उंबऱ्यावर,” असं म्हणून ती पुढचा फोन घेते.

गेल्या दसऱ्याला तिने दुसरा टेम्पो घेतला आणि तो स्वतः चालवायचं ठरवलं. भगवंत गुरुजींकडे मुहूर्त विचारायला गेली तर ते म्हणाले, “दसऱ्याला कसला मुहूर्त विचारतेस? आख्खा दिवसच मुहूर्त.”

“दिवस हाय हो गुरुजी, पण माझ्याकडं येळ नाय. पाच घरं हलवायचीत त्या दिवशी.”

शेवटी दिवस उजाडता उजाडता पूजा झाली. झेंडूचं तोरण बांधलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. गुरुजी आणखी एक मंत्र म्हणणार होते, पण कॅम्प एकमधून फोन वाजला. शेठाणी कलश घेऊन खाली उभी होती. अंजनीने गुरुजींना नमस्कार केला, पदर खोचला आणि स्टिअरिंगला हात लावून चावी फिरवली. सदू शेजारच्या सीटवर चढत म्हणाला, “मंत्र तर पुरा होऊ दे.”

“ते म्हनतील मागून,” अंजनी म्हणाली, “तू दार लाव.” आणि तिने टेम्पो रस्त्याला काढला.